सुपरचार्जरवाल्या बोटीला एक्झॉस्ट कसला करू? मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचे हेडर, सायलेन्सर लई केले, बोट मात्र पहिल्यांदाच हातात आलीय. मालवणच्या पाहुण्यांची आहे, पेट्रोल व्ही-८, वर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) चढवलेला. मूळचे बिडाचे मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारे पाइप) खाऱ्या पाण्यानं आतून खाल्लेत, ते जाणारच.

गाडीत नुसता धूर बाहेर काढायचा. इथं धुरात पाणी सोडतात, म्हणून पुढचा रबरी होज जळत नाही. पण तेच पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरलं की इंजिनाचं वाटोळं! कॅमचा ओव्हरलॅप (हवेचा आणि धुराचा व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा वेळ) जास्त असला की आयडलला पाणी मागं ओढलं जातं, ती धास्ती आहे. मग रायझर (मॅनिफोल्डपासून वर चढणारा पाइप) पाण्याच्या पातळीच्या किती वर घ्यायचा? पाणी नेमकं कुठं सोडायचं?

पाइप ३ इंची पुरेल की ४ इंची? सुपरचार्जरमुळं धूर वाढतो, मागं दाब नको. पत्रा स्टेनलेसचा, ३१६एल ग्रेडचा घेणार. ३०४ स्वस्त, पण समुद्रात त्याला खड्डे पडतात. कोरडा (धुरात पाणी न सोडणारा) एक्झॉस्ट सुचवू नका, बंद इंजिनखोलीत तापलेला पाइप आणि पेट्रोलची वाफ, नकोच.

कुणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा.