बंद गिरणीच्या जागेवर वटवाघळांची वसाहत: हरकत कशी लिहावी? मदत हवी आहे

मंडळी, सांगलीजवळ आमच्या भागात एक जुनी कापडगिरणी आहे, कित्येक वर्षं बंद. तिची जमीन औद्योगिक विभागातून निवासी विभागात घेण्याची नोटीस पेपरात आली. हरकतींना एक महिना आहे, त्यातले नऊ दिवस गेलेसुद्धा.

माझे वडील तिथे वाइंडिंग खात्यात होते. आमच्या घरचं घड्याळ भोंग्यावर लावलं जायचं. यंत्रं केव्हाच भंगारात गेली. उरलंय ते विटांचं धुराडं, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, बॉयलरची विहीर आणि मागच्या कुंपणालगतचे सात वड. त्या वडांवर वटवाघळं राहतात. रविवारी सकाळी मोजली तर ४१२ भरली, पानांआडची वेगळीच. दिवेलागणीला उठतात आणि हरिपूरच्या बाजूला नदीकडे जातात. आराखड्यात नेमकं त्याच कोपऱ्यात पार्किंग आहे.

सह्या घ्यायला गेले तर वडिलांबरोबर काम केलेले काका म्हणाले, "बाळ, वटवाघळांसाठी आलीस. आमच्या देण्यांसाठी कोण आलं होतं?" मला उत्तर सुचलं नाही. जागा विकली की थकलेले पैसे मिळतील या आशेवर ही माणसं बसली आहेत. म्हणून "बांधकामच नको" असं मला लिहायचं नाही. घरं होऊ देत, पण तो कोपरा, विहीर आणि धुराडं राहू दे.

असं अर्धं मागता येतं का? आणि एका कर्मचाऱ्यानं सांगितलं की वटवाघूळ उपद्रवी प्राण्यांत मोडतं, त्याला संरक्षण नाही. खरं आहे का?

प्रतिसाद:
ताई, ते जुनं झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. हरकतीत हे लिहाच.

अर्धं मागता येतं. नोटीस "हरकती व सूचना" अशी असते. तुमची ती सूचना. कोपरा खुली जागा म्हणून ठेवा असं नकाशावर रंगवून जोडा, पोच घ्या, सुनावणीला हजर राहण्याची मागणी त्याच अर्जात करा.

झाडं तोडायची परवानगी मात्र वेगळी, १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली. तिथेही स्वतंत्र हरकत द्यावी लागेल. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्यामुळे वडांचं वय सिद्ध करणं हेच तुमचं मोठं काम. प्रत्येक झाडाचा घेर मोजा, तारखेसकट फोटो काढा. जुना पुरावा मिळाला तर फारच उत्तम. मोजणी सकाळीच करा आणि झाडाखाली गलका नको. उन्हाळ्याच्या तोंडाला माद्यांच्या पोटाशी पिल्लं असतात.

धागालेखिका:
खूप आभार. आज पुन्हा काकांकडे गेले, सहीसाठी नाही, वड कधीचे ते विचारायला. त्यांनी ट्रंकेतून १९६८ च्या खंडेनवमीचा फोटो काढला. मागे लिहिलेली तारीख आहे, सगळं खातं ओळीनं उभं आहे आणि पाठीमागे तेच वड, तेव्हाही दोन माणसांच्या कवेत न मावणारे. फोटोची प्रत द्यायला ते तयार आहेत. देण्यांचा मुद्दाही सूचनेत घालावा, असं त्यांचं म्हणणं. मी घालणार आहे. त्याची भाषा कशी असावी, कामगारांच्या बाजूचं कुणी सांगेल का? आणि शनिवारी सकाळी घेर मोजायला टेप धरणारं एक माणूस हवं आहे.