मदत हवी आहे: निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या मैत्रिणीचं नागरिकत्व

मी तिरुचीला राहते. माझी इथली मैत्रीण मूळची श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या तमिळ कुटुंबातली. पणजोबांना इंग्रजांनी तिकडे नेलं, 1948 च्या कायद्याने सिलोनने (म्हणजे आजच्या श्रीलंकेने) त्यांना परकं ठरवलं. तिथल्या 1983 च्या तमिळविरोधी दंगलीनंतर आईवडील होडीने भारतात आले आणि 1985 मध्ये छावणीत हिचा जन्म झाला.

1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय, असं कायदा सांगतो. पण हिच्याकडे जन्मदाखलाच नाही! धाकटा भाऊ 1989 चा, त्याला तर हे कलमही लागू नाही.

उशिरा जन्मनोंदणी कुणी करून घेतली आहे का? शाळेचा दाखला, छावणीचं कुटुंबपत्र चालतं का? माहितगार वकील असतील तर कृपया सांगा. चाळिशीतही ती निर्वासितच आहे, फार जीव तुटतो.