प्रतिसाद: लॉ साठी पुणंच का?

वर एकानं लिहिलंय की लॉ करायचं तर पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज नाहीतर मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज), कोल्हापुरात राहून काय दिवे लावणार. आयएलएस १९२४ चं आणि जीएलसी तर १८५५ चं, मोठीच कॉलेजं आहेत, वाद नाही. पण मी लॉ प्रवेशाच्या सीईटीच्या ऑप्शन फॉर्ममधे (कॉलेजांची पसंती भरतात तो) शाहूपुरीतलं शहाजी लॉ कॉलेजच पहिल्या नंबरला टाकणाराय.

कारण सांगतो. आमच्या वाटणीच्या जमिनीचं अपील हायकोर्टात होतं, बाबा रात्रीची ट्रॅव्हल्स धरून मुंबईला जायचे, मांडीवर सातबाऱ्याची पिशवी, डब्यात भाकरी-झुणका, आणि दिवसभर बसून कळायचं की बोर्डावर नंबरच आला नाही, की परत रात्रीची गाडी. असं किती वेळा झालं ते आता मोजत पण नाही (आमचे वकीलसाहेब फोन उचलायचे नाहीत हा वेगळाच विषय).

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांचं काम हितंच. म्हणजे सकाळी लेक्चर करायचं आणि दुपारी एखाद्या सिनियरची फाईल धरून हायकोर्टात मागं उभं राहायचं, हे आधी कोल्हापुरातल्या पोरांना जमायचंच नाही की. वर घरचं जेवण, हॉस्टेलचा खर्च नाही.

नावाचं म्हणाल तर बाबांनी मुंबईत वकिलाला कधीच विचारलं नाही कुठल्या कॉलेजचा, फक्त विचारायचे, "तारीख कधीची?"