मदत हवी आहे: साखरपुड्याआधी मुलाला ओळखायचं कसं, आणि कशावर थांबायचं?

राकसकोप
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. ती २७ वर्षांची, बेळगावातच नोकरीला. स्थळ निपाणी तालुक्यातलं, मुलगा ३० वर्षांचा, पुण्यात आयटीत. बघण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, महिनाभर दोघं फोनवर बोलतात. बायोडाट्यात ११ लाखांचं पॅकेज, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आणि गावी ९ एकर बागायत असं लिहिलंय. मध्यस्थ लांबच्या नात्यातले. त्यांची एकच गडबड, तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरूया, याद्या करून टाकूया.

तीन गोष्टी खटकतात, पण त्या खरंच रेड फ्लॅग आहेत की नुसता स्वभाव, ते कळत नाही. एक, रोज रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल येतो, उचलला नाही तर दुसरा दिवस रुसण्यात जातो. दोन, "लग्नानंतर नोकरी करायला आमची काही हरकत नाही" हे वाक्य चार वेळा झालंय. तीन, आधी एक ठरलेलं मोडलंय आणि कारण विचारलं की "मुलगी बरोबर नव्हती" एवढंच उत्तर.

कागद कुठले बघायचे, वागण्यात काय बघायचं, आणि हे सगळं सोयरीक न दुखावता कसं करायचं?

पहाणीपत्रक
कागदांपासून सुरू करतो, कारण ते घरबसल्या तासाभरात होतं. एक आधीच सांगतो, जमीन कमी असणं ही खोट नाही. बायोडाट्यात जास्त लिहिणं ही खोट. आपण जमीन मोजत नाही, माणसाचा शब्द मोजतोय.

मध्यस्थाकडून गावाचं नाव आणि रि.स.नं. (जमिनीचा सर्व्हे नंबर) घ्या. निपाणी तालुका कर्नाटकात, म्हणून कर्नाटकाच्या भूमी पोर्टलवर जायचं. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा भरला की पहाणी, म्हणजे आरटीसी, कर्नाटकातला सातबाराच म्हणा, दिसते. नुसती बघायला पैसे लागत नाहीत. उतारा कन्नडमध्ये असतो, आणि बेळगावच्या मराठी घरांची फसगत नेमकी इथंच होते. कागद हातात असतो, वाचता येत नाही, मग मध्यस्थ सांगेल ते खरं. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून घ्या, नाहीतर कन्नड शाळेत शिकलेल्या शेजाऱ्याला चहाला बोलवा.

रकाना ९ मध्ये मालकांची नावं असतात. नावं किती आहेत ते मोजा. ९ एकर म्हणजे ३६० गुंठे. नावं सहा असली आणि वाटे समान धरले तर एकेकाला ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. त्यातलं एक नाव मुलाच्या वडिलांचं, आणि त्यांनाही मुलं-मुली असणारच. रकाना ११ मध्ये बोजा, सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, कोर्टाची मनाई असली तर दिसते. बागायत आहे का, हे पिकाच्या नोंदीवरून कळतं. तिथं सोयाबीन एके सोयाबीन असेल तर "बागायत" हा शब्द कुठून आला ते विचारा.

आकडा वाचताना एक चूक हमखास होते. आरटीसीवर ४.२० लिहिलेलं असलं तर ते सव्वाचार नव्हे, ४ एकर २० गुंठे, म्हणजे साडेचार. आणि जमीन सीमेपलीकडे कागल किंवा चंदगड भागात निघाली तर सातबारा लागेल, तिथं माप हेक्टर-आरमध्ये. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ ३ एकर. हे दोन कागद शेजारी ठेवून नुसत्या आकड्यांची बेरीज करणारे लोक आहेत.

फ्लॅटचं म्हणाल तर "स्वतःचा" या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात: ताबा मिळालेला, नुसता बुक केलेला, आणि भावाच्या नावावरचा. महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत सूची क्रमांक २ बघता येते, त्यात घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि किंमत असते. बांधकाम चालू असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा.

पॅकेजबद्दल थोडक्यात. ११ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि मिळेल-न मिळेल असा बोनस धरलेला असतो. हातात काय येतं ते पगाराच्या स्लिपवर दिसतं. हप्ते किती जातात ते विचारणं त्याहून महत्त्वाचं. सिबिलचा, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींचा, रिपोर्ट ज्याचा त्याला वर्षातून एकदा फुकट काढता येतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात, पण गुणांपेक्षा खाली चालू कर्जांची यादी असते ती वाचा. घरकर्ज असलं तर त्यात वावगं काही नाही. ५-१० हजारांची चार-पाच अॅप-कर्जं एकाच वर्षात दिसली तर पैसा कुठं जातो हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. ऑनलाइन जुगाराची खूणही अशी असू शकते.

गल्लीतला_आण्णा
एवढं तपासत बसला तर पोरगी म्हातारी हुईल की हो! आमच्याकडं माणूस बघतात, कागद न्हाई.

पण एक सांगतो, माणूस बघायचा तर गावात जाऊन बघा. मध्यस्थानं दिलेल्या नावांकडं जाऊ नका, ती पढवलेली असतात. दूध डेअरी, पिठाची गिरण, किराणा दुकान. आणि "घर कसं आहे?" असं विचारू नका, "चांगलं हाय की" एवढंच मिळतंय. "उधारी वेळेवर येते काय?", "आधीचं ठरलेलं कशावरनं मोडलं?", "थोरली सून हितंच असती काय?" असं टोकदार विचारा. उत्तर द्यायच्या आधी समोरचा गप्प बसला तर तेपण उत्तरच.

पाऊस_खानापूरचा
ताई, तुमच्या तिन्ही शंकांवर ओळीनं लिहिते.

साडेदहाचा कॉल. कॉल करणं ठीक. बघायचं ते "नाही" म्हटल्यावर काय होतं. बहिणीला एक छोटा, निरुपद्रवी नकार द्यायला सांगा: "आज दमलेय, उद्या सकाळी ८ ला बोलूया." कारण खरं असू दे, उगाच परीक्षा म्हणून खोटं नको. मग काय घडतं ते तीन-चार वेळा बघायचं. "बरं, झोप" हे निरोगी. थोडं नाराज होऊन सकाळी नीट बोलला, तर तोही माणूसच आहे, सोडून द्या. मात्र लागोपाठ मिस्ड कॉल, "कुणाशी बोलत होतीस", खोलीचा फोटो पाठव, लोकेशन चालू ठेव, या वळणावर गेलं तर तो रुसवा राहिला नाही, तो पहारा झाला. लग्नाआधी रात्रीच्या कॉलवर असलेला पहारा लग्नानंतर पगारावर, माहेरी जाण्यावर आणि मैत्रिणींवर बसतो.

रुसण्यापेक्षा रुसवा संपतो कसा, हे जास्त सांगून जातं. दोघांपैकी कुणीतरी "माझं चुकलं" म्हणतं का? की दर वेळी बहिणीनंच समजूत काढायची? महिन्यात पाच वेळा रुसवा आणि पाचही वेळा माफी एकाच बाजूनं, तर हिशोब स्पष्ट आहे.

"आमची हरकत नाही." वाक्य गोड आहे, पण परवानगी कोण देतंय ते बघा. यावर वाद घालू नये, तपशील विचारावा. सकाळी साडेसातला निघायचं असेल तर डबा कोण करणार? पगार कुठल्या खात्यात, आणि त्या खात्याचं कार्ड कुणाकडे? पुण्यात बदली नाही मिळाली तर सहा महिने बेळगावात राहिलेलं चालेल का? पहिली दिवाळी, पंचमी, माहेरी किती दिवस? ठोस प्रश्नाला ठोस उत्तर देणारा माणूस, उत्तर आपल्याला नको तसं असलं तरी, भरवशाचा. "ते सगळं नंतर बघू, तू काळजी कशाला करतेस" हे तीनदा ऐकलं तर उत्तर ठरलेलं आहे, फक्त सांगायचं नाहीये. आणि प्रत्येक उत्तर "आई म्हणेल तसं" असेल तर हेच प्रश्न आईंना विचारा, बहिणीच्या समोर, त्याच्याही समोर.

आधीचं मोडलेलं. ठरलेलं मोडतं, त्यात लाज काही नाही. पण जो माणूस स्वतःकडे एक टक्काही चूक घेत नाही, त्याच्या पुढच्या गोष्टीत "बरोबर नसलेली मुलगी" कोण असणार ते ओळखा. प्रश्न असा विचारा: "तुमच्याकडून काय वेगळं करता आलं असतं?" उत्तरापेक्षा चेहरा बघा, म्हणून हा प्रश्न फोनवर नको, समोरासमोर.

भेटी किमान चार हव्यात. एक घरच्यांसह झाली. दुसरी दोघांचीच, दिवसा, माणसांच्या वर्दळीत, सकाळी अकराला किल्ला तलावाकडे किंवा कॅम्पातल्या एखाद्या हॉटेलात. यायचं-जायचं आपल्या आपण. वेटरनं चुकीची ऑर्डर आणली तर तो काय बोलतो ते ऐका. तिसरी त्याच्या घरी, जेवणाच्या वेळी. कोण आधी जेवतं, ताट कोण उचलतं, वहिनी बोलताना मध्येच कुणाकडे बघते. चौथी पुण्यात, तो राहतो तिथं, त्याच्या दोन मित्रांसह. मित्र नसतीलच, किंवा भेटवायला टाळत असेल, तर नोंद घ्या.

नोटरीसमोर
कायद्याचं तेवढं लिहितो.

ई-कोर्ट सेवेत पक्षकाराच्या नावानं खटला शोधता येतो. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल आणि वर्ष निवडायचं, नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये. बेळगाव, चिक्कोडी, निपाणी आणि पुणे, चारही ठिकाणी बघा. पाटील, जाधव, चौगुले नावाचे शेकड्यानं निघतील, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव जुळतं का ते पाहिल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. उलट, नाव सापडलं नाही म्हणजे पाटी कोरी असंही नाही, काही प्रकरणं नावानं दिसत नाहीत.

"ठरलेलं मोडलं" म्हणजे साखरपुडा मोडला की लग्न, हे स्पष्ट विचारा. लग्न झालं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा बघायचा, आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री करायची. बाँडवर नोटरी करून घेतलेली फारकत पुरत नाही. समाजाची तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तरच ती टिकते. हुकूमनामा नसेल तर दुसरं लग्न कायद्यानं लग्नच ठरत नाही.

महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ खाली ते रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. म्हणून बायोडाटा आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका.

"आमची मागणी काही नाही, मुलीच्या अंगावर हौसेनं काय घालाल ते" हे वाक्य आलं की पुढं किती तोळे ते येतंच. १९६१ च्या कायद्यानं हुंडा देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, शिक्षा किमान ५ वर्षं. नुसत्या मागणीलाही ६ महिने ते २ वर्षं. सोन्याच्या पावत्या मुलीच्या नावावर घ्या आणि भेटवस्तूंची यादी करून वधूवरांच्या सह्या घ्या. १९८५ च्या नियमांत तशी तरतूद आहे.

साखरपुड्याआधी मुलानं काही कारणानं पैसे मागितले, अगदी २० हजार, तर तिथंच थांबा. ऑनलाइन दिले गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

राकसकोप
सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णा, गिरणीची युक्ती लिहून घेतली. आता एकच अडचण. स्लिप, सिबिल, रक्त तपासणी हे मागायचं कुठल्या तोंडानं? आईबाबा म्हणतात, असं विचारलं तर स्थळ जाईल.

पाऊस_खानापूरचा
मागू नका, आधी द्या. बहिणीची तीन महिन्यांची स्लिप, तिचा सिबिल रिपोर्ट, तब्येतीचं काही असेल तर तेही. थायरॉइडची गोळी चालू असेल आणि ती आपण लपवली असेल तर झेंडा आपल्याच दारात लागलाय.

निरोप बहिणीनंच पाठवावा, मध्यस्थामार्फत नको: "माझे कागद पाठवतेय. तुमचेही पाठवा, म्हणजे घराचा हिशोब आपण दोघं मिळून मांडू. रक्त तपासणी दोघांनी करूया. रविवारपर्यंत जमेल का?" एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते आणि गुप्त राहते. नात्यातलं स्थळ असेल तर थॅलेसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) एचबीए-२ ही रक्त तपासणी पण करा.

आठवडाभर मुदत द्या. कागद आले, आकडे थोडे कमी निघाले आणि त्यानं स्वतःहून सांगितलं, तर माझ्या मते ते उलट चांगलं लक्षण. "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणून त्याच्या घरच्यांचा फोन तुमच्या बाबांना आला, तर मुहूर्त पुढं ढकला. मध्यस्थांना सांगायला एक वाक्य पुरे: "मार्गशीर्षापर्यंत थांबतोय." पुढं कारण द्यायचं नाही. कारण दिलं की ते खोडायला बसतात.

गल्लीतला_आण्णा
आणि निपाणीला जाताना कोल्हापूरच्या गाडीत बसू नका. शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना फुकट बस, राज्याच्या आतल्या गाड्यांना चालती. निपाणीची कर्नाटकाची साधी बस पकडा, बेळगावच्या पत्त्याचं आधार कार्ड पिशवीत ठेवा, दोघींचं तिकीट फुकट. डेअरीवर सकाळी सातच्या आत पोचा, दूध घालायला सगळं गाव तिथंच असतंय.