नोटरीवर घर भाड्याने देताय? आधी कलम ५५ वाचा

सांजवात:
परवा एकाने ठणकावून लिहिलं, "अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केला की झालं, नोंदणी म्हणजे पैसे उडवणं." वाचून डोकं फिरलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचं खूळ जुन्या नोंदणी कायद्यातून आलंय.

आमच्या बाबांनी असाच नोटरीवर फ्लॅट दिला. भाडेकरूने परस्पर तिसऱ्यांनाच घुसवलं. एका सकाळी दाराला पोलिसांचं सील, आत सिमकार्डांचा ढीग, आणि सत्तरीचे बाबा ठाण्यातल्या बाकावर पाच तास. हातात काय, तर आधारची पुसट झेरॉक्स. तीही खोटी निघाली.

मुक्काम_पोस्ट:
ते लिहिणारा मीच. बाबांचं वाईट वाटलं, पण नोंदणी असती तर पोलीस आले नसते का? फसवणारा नोंदणी करूनही फसवतो.

सांजवात:
आले असते. पण ऑनलाइन नोंदणीत अंगठा लावून आधारची पडताळणी होते. खोटी झेरॉक्स तिथेच उघडी पडली असती!

निवांत:
कागद सगळे असूनही काय होतं ते ऐका. करार नोंदवलेला, पोलीस व्हेरिफिकेशनची पोहोच हातात, तरी "बॅचलर नको" म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने माझं सामान गेटवर अडवलं. गादी पावसात भिजली.

चाळकरी:
रात्री दोनला जिन्यात राडा होतो तेव्हा मालक फोन उचलत नाही. निस्तरायचं कमिटीने. मग विचारलं तर बिघडलं कुठे?

निवांत:
राडा करणाऱ्याला नोटीस द्या ना! माझ्या मालकाकडे ना-हरकतीसाठी 'देणगी' मागितली. नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, मग हे मागच्या दाराने पैसे काढणं नाही तर काय?

चाळकरी:
आम्ही एक रुपया घेत नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मीही विनामोबदला राबतोय, शिव्या खायला नाही.

निवांत:
ठीक. तुमच्याबद्दलचं मागे घेतो. देणगीबद्दलचं नाही.

मुक्काम_पोस्ट:
कलम ५५ पुन्हा वाचलं. करार नोंदणीकृत नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मला ठाऊक नव्हतं. नोंदणीने गुन्हे थांबतात हे अजून पटलेलं नाही. पण उद्या एजंटला फोन करतो.

सांजवात:
सोबत पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही भरा. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना ती दिली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा मालकावर. भाडेकरू साधुसंत असला तरी.

चाळकरी:
आणि पोहोचेची प्रत सोसायटीला द्या.

निवांत:
प्रत देऊ. गेट उघडं ठेवा.