ब्रेक कॅलिपरच्या पिनला कोणतं ग्रीस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी म्हापशात राहतो, गाडी जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. पावसाळा संपल्यापासून पुढचं डावं चाक तापतंय. चाक काढून बघितलं तर कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खालची गाईड पिन, म्हणजे ज्या पिनवर कॅलिपर सरकतो ती, जाम, आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं. आतला पॅडही बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय. घर किनाऱ्याजवळ, खारी हवा आणि वर आपला पाऊस, त्यामुळे गंज काही नवीन नाही.

गॅरेजवाला म्हणतो, बेअरिंगचं ग्रीस लाव, चालतं. मला ते पटत नाही. पेट्रोलियमवालं ग्रीस लागलं की पिनवरचे रबर बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणं) फुगतात, मग पिन पुन्हा अडकणारच. म्हणून पिनला सिलिकॉन ग्रीस घ्यायचं ठरवलंय. पण दुकानात दाखवतात ते पातळ, पाण्याच्या नळाला लावायचं वाटतं! ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं नेमकं कोणतं घ्यावं?

दुसरं, पॅडचे कान (दोन्ही टोकांचे पुढे आलेले भाग) जिथे सरकतात तिथे सिरॅमिक पेस्ट बरी की तांब्याची? अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरवर तांबं आणि खाऱ्या हवेतलं मीठ एकत्र नको, गंज वाढेल, असं मला वाटतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला काहीच लावायचं नाही, ते माहीत आहे. मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारा भाग) बॅकप्लेटवर, म्हणजे मागच्या पत्र्यावर, टेकतो तिथेही हीच पेस्ट चालेल का?

म्हापसा, पर्वरी किंवा पणजीत छोटी ट्यूब कुठे मिळते तेही सांगा. अर्धा किलोचा डबा घेऊन मी काय करू?