काट्यावर वजन येतं पण 'पावती छापा' करडंच, मुनीम दोनदा दाबतो

काट्यावरचा_पोऱ्या:
रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवर खिडक्या-मेनूवाली सॉफ्टवेअरं बनवायचा मायक्रोसॉफ्टचा साचा) छोटं सॉफ्टवेअर करून राहिलो. भुईकाटा सिरीयल पोर्टला जोडलाय, गाडी चढली की वजन आपोआप स्क्रीनवर येतं. वजन असेल तरच वरच्या मेनूपट्टीतलं 'पावती छापा' चालू व्हावं असं त्याच्या कमांडच्या (मेनू दाबल्यावर चालणारं काम) कॅनएक्झिक्युटमध्ये, म्हणजे 'आता चालू करू का' याचं हो-नाही देणाऱ्या भागात, लिहिलंय. पण स्क्रीनवर ६४८० किलो दिसतात आणि मेनू करडाच, मुनीम एकदा दाबतो, काही होत नाही, परत दाबतो मग छापतं. कुठेही क्लिक केलं तरी चालू होतं म्हणे!

जळगावकर_भो:
मेनूचं इजएनेबल्ड (चालू-बंदचं सेटिंग) ट्रू करून टाक ना भो, विषय संपला.

काट्यावरचा_पोऱ्या:
केलं ते. कमांड बांधलेली असली आणि कॅनएक्झिक्युट नाही म्हणालं की इजएनेबल्डला कोण विचारतं.

जुनं_खोड:
डब्ल्यूपीएफ दर सेकंदाला थोडंच विचारत बसतं 'आता चालू करू का' म्हणून. माउसचं बटण सुटलं, कीबोर्डची की सुटली, फोकस हलला, तेव्हाच डब्ल्यूपीएफचा कमांडमॅनेजर सगळ्या कमांडना परत विचारतो. काट्याकडून वजन आलं यातलं काहीच झालं नाही, म्हणून मुनीमचा पहिला क्लिक नुसता जागं करण्यात जातो. वजन आल्यावर त्याचं इनव्हॅलिडेटरिक्वेरीसजेस्टेड ('परत विचार' सांगणारं फंक्शन) बोलव.

काट्यावरचा_पोऱ्या:
पोर्टवर डेटा आला की चालणाऱ्या डेटारिसीव्हडमध्येच बोलावलं, फरक शून्य.

जुनं_खोड:
तिथंच घोळ आहे. डेटारिसीव्हड दुसऱ्या थ्रेडवर (सोबतीने चालणाऱ्या कामाच्या वेगळ्या धाग्यावर) येतं आणि कमांडमॅनेजर प्रत्येक थ्रेडचा वेगळा, तू भलत्याच दारावर टकटक करतोय. वजन दिसतं कारण साध्या प्रॉपर्टीचं बाइंडिंग (किंमत स्क्रीनला जोडणारा दुवा) स्वतःच यूआय थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर, उडी मारतं, कमांडचं तसं नाही. यूआय थ्रेडला कामं देणाऱ्या डिस्पॅचरच्या बिगिनइन्व्होकमधून बोलव, ते काम सोपवून न थांबता पुढे जातं. नुसतं इन्व्होक नको, ते काम होईपर्यंत थांबतं, मग पोर्ट बंद करताना यूआय थ्रेड आणि पोर्टचा थ्रेड एकमेकांची वाट पाहत बसतात आणि सॉफ्टवेअर लटकतं, मी अख्खी रात्र घालवलीय त्यात.

धुळ्याचा_कोडर:
कम्युनिटी टूलकिट या तयार लायब्ररीतली रिलेकमांड (आयती कमांड) असेल तर हे सगळं गैरलागू, ती कमांडमॅनेजरकडे बघतच नाही. तिथं कमांडचंच नोटिफायकॅनएक्झिक्युटचेंज्ड बोलवायचं, तेही यूआय थ्रेडवरूनच.

काट्यावरचा_पोऱ्या:
झालं भो! माझी कमांड साधीच, कमांडमॅनेजरवाली होती, बिगिनइन्व्होकने एका दाबात छापून राहिलं. आता नवीनच, मुनीम रिकाम्या काट्यावर उभा राहिला तरी मेनू चालू, स्वतःचीच पावती काढली त्याने ७० किलोची. २०० किलोच्या खाली बंद ठेवतो आता.